पूजेबाहेरची हत्यारं

संप संपला असं कोणी कधी जाहीर केलं नाही. तो आपला विझत गेला. गुणाजी परबाच्या मिलचं फाटक मात्र बंद झालं ते झालंच. त्या मिलच्या वर्कशॉपात गुणाजी फिटर होता. घाटकोपरला भटवाडीच्या टेकडीवर, पायऱ्या चढून दम लागेल तिथे त्याची खोली. बायको रत्नप्रभा, आणि मूलबाळ नव्हतं. दोघांचं पोट, म्हणजे तसं फार मोठं ओझं नव्हे. पण रिकामं राहिलं की एकाचं पोटही जड होतं.

मिलकडून हिशोबाचं म्हणून जे काही हातात पडलं ते खिशात घालून गुणाजी एका सकाळी घरातून निघाला. रत्नप्रभाची समजूत, की हे तांदूळ भरायला चालले. दुपारी तो परत आला तेव्हा पिशवीच्या वजनाने त्याचा एक खांदा खाली गेला होता. नागदेवीच्या बाजारात जाऊन त्याने हत्यारं आणली होती. तेलकट कागदात गुंडाळलेले पाने, पक्कड, कानशी, छिन्न्या आणि एक हातोडी. सगळं घडीव पोलाद. तिने एकेक कागद सोडून पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"आता ह्या पान्यांची आमटी करू?" ती म्हणाली.

गुणाजी मोजकं बोलणारा माणूस. त्याने हातोडी दोऱ्याला टांगली आणि नखाने टिचकी मारली. देवळातल्या छोट्या घंटेसारखा आवाज निघाला आणि जरा वेळ खोलीत राहिला. "हेच्यावर जेवशील," एवढंच तो म्हणाला.

आणि खोटं नाही, त्याच्यावरच ती जेवली. पंतनगरच्या सोसायट्यांचे पंप, मुलुंडच्या दुकानांची शटरं, कुणाची ग्रिल, कुणाचा नळ. गुणाजी परबाने घट्ट केलेलं सैल होत नाही, अशी बोलवा झाली. वर्षभरात रत्नप्रभाने आपला राग गिळून टाकला, एवढंच नव्हे तर शेजारच्या मालनला ती हत्यारं दाखवताना तिचा आवाज जरा चढायचा. दाखवायची मात्र लांबूनच. कारण हात लावायची सोय नव्हती. वर्कशॉपात प्रत्येक फिटरची पेटी वेगळी, तिला कुलूप वेगळं, आणि एक रीत सगळ्यांना पाठ होती: भाकरी अर्धी द्यावी, हत्यार देऊ नये. मिल गेली, पण ही रीत गुणाजीबरोबर घरी आली. तिला कोणी टाळेबंदी केली नव्हती.

रत्नप्रभाचा जीव अडकला होता तो तिच्या धाकट्या भावात, बाळामध्ये. आई जाताना तिने बाळाचा हात रत्नप्रभाच्या हातात दिला होता आणि म्हणाली होती, "ह्याका माणसात ठेव." बाळा त्याच मिलमध्ये बदली कामगार होता, म्हणजे कोणी गैरहजर असेल त्या दिवशी काम, नाहीतर घरी. हातात कला अशी काहीच नव्हती. संपानंतर तो बहिणीकडे राहायला आला आणि चाळीच्या पायरीवर बसू लागला. पायरीवर बसणारा माणूस पुढे कुठे जाऊन बसतो हे भटवाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. दोनदा तो घरी आला तेव्हा तोंडाला वास होता. दुसऱ्या वेळी रत्नप्रभाने त्याला जेवायला वाढलं आणि रात्रभर कूस बदलत राहिली. बाळा आपल्या हातातून चालला आहे, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

तिने पाटल्या मोडल्या. गुणाजीपुढे जाऊन उभी राहिली.

"बाळाक तुमच्या हाताखाली घ्या. हत्यारां माझ्या पैशान घेवया."

गुणाजीने तिच्या मोकळ्या मनगटाकडे पाहिलं. नाही म्हणण्याची वाट तिने आधीच बंद केली होती.

दोघं स्टेशनच्या बाजूला उतरली. तिथे एक हातगाडी उभी असायची. गाडीवर लाल प्लास्टिकच्या पेट्या, आणि पेटीत चांदीसारखी झगमगणारी सगळी हत्यारं, अगदी हातोडीसकट. एका पेटीत अख्खं वर्कशॉप. रत्नप्रभाचे डोळे दिपले. गुणाजीने त्यातली हातोडी उचलून टिचकी मारली. थप्प असा आवाज आला, ओल्या लाकडावर वाजवल्यासारखा.

"ओतीव आसा, घडीव नाय," तो म्हणाला. "वर नुसतो मुलामो."

"मग नागदेवीक जावया?"

त्यावर गुणाजी जे बोलला ते पुढे रत्नप्रभाच्या कानात घर करून राहिलं. "शिकणाऱ्याक भारी हत्यारां कशाक? मोडतलो, हरवतलो. आणि तो काय महिनाभर टिकतलो असा तुका वाटता? टिकलो तर मगे बघूया."

रत्नप्रभाला हे बोलणं लागलं. आपल्या भावाला ह्या माणसाने आधीच मोडीत काढलंय, हे तिला कळलं. पण त्याच वेळी मनात हिशोबही चालू होता. लाल पेटी घेतली तर पाटल्यांच्या पैशातले बरेचसे उरत होते. घरात रॉकेल नव्हतं, पावसाळ्यापूर्वी पत्रे शाकारायचे होते. भावासाठी पाटल्या मोडणारी तीच बाई भावाच्याच हत्यारात काटकसर करायला तयार झाली. माणूस असाच आहे, डोंगर चढून जातो आणि उंबऱ्याला अडखळतो. तिने लाल पेटी घेतली.

बाळा मात्र हरखून गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या मालकीचं काहीतरी कुलूपबंद होत होतं. "झकास आहे गं ताई!" म्हणत त्याने प्रत्येक पाना काढला, पुसला, परत जागच्या जागी ठेवला. त्या दिवसापासून पायरी सुटली.

तो टिकला. महिना झाला, दोन झाले, सहा झाले. सकाळी गुणाजीच्या आधी अंघोळ उरकून पेटी घेऊन दारात उभा. पण काम मात्र त्याच्या हाती नीट लागेना. नट सोडवायला गेला की पाना घसरायचा आणि नटाच्या कडा गोल व्हायच्या. मग तो नट कोणाच्याच बापाला सुटत नसे. बाळाच्या बोटांची सालं कायम निघालेली. गिऱ्हाइकांसमोर गुणाजी करवादायचा, "हात वाकडो तुझो! पानो सरळ बसव!" बाळा मान खाली घालून परत बसवायचा आणि पाना परत घसरायचा. त्याच नटाला गुणाजी आपला पाना लावायचा, एक हिसका द्यायचा आणि नट मुकाट्याने फिरायचा. बघणाऱ्याला वाटावं, हा उस्ताद आणि तो ढ. बाळालाही तसंच वाटू लागलं.

एकदा त्याच्या बोटांना खोबरेल लावताना रत्नप्रभाने पान्याचा जबडा पाहिला. ती काही फिटर नव्हती, पण घरात रोज पाने पाहत होती. जबडा फाकला होता. गुणाजीच्या पान्याचा त्याहून जास्त दिवस वापरूनही फाकला नव्हता.

रात्रीची जेवणं झाल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "एक दिवस त्याका तुमचो पानो देऊन बघा."

"माझ्या हत्यारांक कोणी हात लावूचो नाय."

"मगे नवीन तरी घेवया. आता टिकलो ना तो?"

"बघूया," गुणाजी म्हणाला आणि कूस बदलली. 'बघूया' हा मराठी माणसाचा फार सोयीचा शब्द आहे. त्यात नकारही नसतो आणि खर्चही नसतो. रत्नप्रभाही पुढे रेटून बोलली नाही. बाळा रोज कामाला जातोय, तोंडाला वास येत नाही, ह्यातच तिला सगळं मिळाल्यासारखं वाटत होतं.

नवरात्र आलं. खंडेनवमीला मिलच्या वर्कशॉपात कसली पूजा व्हायची, हे गुणाजी दरवर्षी नव्याने सांगायचा. लेथला झेंडूचे हार, जमिनीवर रांगोळी, साहेबसुद्धा बूट काढून आत यायचे. त्या दिवशी हत्यार पूजेला मांडलं की दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत उचलायचं नाही. वर्षभर ते आपल्यासाठी झिजतं, एक दिवस त्याने बसून घ्यायचं. आता मिल नव्हती, पण गुणाजीने घरात पाट मांडला. हत्यारं रॉकेलने धुतली, तेल लावलं, पुसली. मोठ्यापासून लहानापर्यंत पाने ओळीत, मध्ये हातोडी. हळद, कुंकू, अक्षता, झेंडू. सोवळं नेसून तो पाटासमोर बसला तेव्हा रत्नप्रभाला तो भटजीपेक्षा भटजी वाटला.

बाळाही अंघोळ करून आला. त्याने आपली लाल पेटी पुसून पुसून चकचकीत केली होती. आतली हत्यारं काढून तो पाटाच्या कडेला मांडू लागला.

गुणाजीने मान वर केली. "ती कशाक? पाटार जागा नाय. ऱ्हवांदेत ती थंय."

जागा होती. रत्नप्रभाला दिसत होती, बाळालाही दिसत होती. बाळाने हत्यारं परत पेटीत ठेवली आणि पेटी खाटेखाली सरकवली. रत्नप्रभाच्या हातात हळदीकुंकवाचं तबक होतं. खाली वाकून त्या पेटीला एक बोट कुंकू लावायला तिला कितीसा वेळ लागला असता? नवरा पूजेत आहे, सणाचा दिवस आहे, उगाच शब्दाला शब्द नको, म्हणून ती वाकली नाही.

पूजा आटोपते न आटोपते तोच दारात श्यामकांत गुप्ते उभे. पंतनगरातल्या एका सोसायटीचे हे सेक्रेटरी, बँकेत नोकरीला, सरळ गृहस्थ. घामाघूम झाले होते.

"परब, पंप बसलाय हो. काल दुपारपासून वर पाण्याचा थेंब नाही. उद्या सण, घराघरांत पाहुणे. जरा येता का?"

गुणाजीने पाटाकडे बोट दाखवलं. "आज हत्यार उचलूचा नाय, साहेब. उद्या दुपारी येतंय."

"अहो, चौथ्या मजल्यावर म्हातारी माणसं आहेत. बादल्या कोण चढवणार?"

गुणाजीला वाईट वाटत होतं, पण रीत मोडता येत नव्हती. तेव्हा खाटेजवळून बाळा बोलला.

"मी जातो ना, भावजी. माझी हत्यारं कुठे पूजेत आहेत?"

बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते जास्त झोंबलं. गुणाजीने त्याच्याकडे पाहिलं, मग गुप्त्यांकडे, आणि म्हणाला, "जा. गंजलेलो नट आसतलो. नाय सुटलो तर छिन्नी घालून फोड." बाळाने पेटी उचलली. रत्नप्रभा दारापर्यंत गेली. "जेवायला वेळेवर ये रे," ती म्हणाली. पुरणाचा घाट घातला होता तिने.

पुरण वाटून झालं, पोळ्या लाटायला घेतल्या, तेव्हा खालून पायऱ्यांवरून कोणीतरी धावत आलं. गुप्त्यांच्या सोसायटीचा वॉचमन होता. बाळाच्या डोळ्याला लागलं होतं. गुप्ते त्याला रिक्षात घालून म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात घेऊन गेले होते. पिठाच्या हातांनी रत्नप्रभा पायऱ्या उतरली. गुणाजी सोवळं न सोडताच तिच्यामागून धावला.

घडलं होतं ते थोडक्यात असं. पंपाचा नट गंजून घट्ट बसला होता. बाळाने पाना लावला, पाना घसरला, कडा गोल झाल्या. मग सांगितल्याप्रमाणे त्याने छिन्नी लावली आणि हातोडीने घाव घालू लागला. गुप्ते शेजारी टॉर्च धरून उभे होते. चारदोन घाव बरे बसले. मग हातोडीच्याच तोंडाचा एक टवका उडाला, तिळाएवढा असेल, आणि सरळ बाळाच्या डाव्या डोळ्यात घुसला.

ऑपरेशन झालं. तो टवका डॉक्टरांनी एका बाटलीत घालून गुणाजीच्या हातात दिला. डोळा राहील, पण त्यातून दिसणार नाही, असं त्यांनी सांगितलं. "कसल्या हातोडीने काम करत होता?" त्यांनी विचारलं. त्यांनी सहजच विचारलं होतं. गुप्त्यांनी लाल पेटी उचलून आणली होती. ती उघडून गुणाजीने हातोडी बाहेर काढली, तोंडावरून अंगठा फिरवला. एक कोपरा गेला होता आणि आतलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, दिसत होतं, राखाडी, भगराळ. तो हातोडी मांडीवर घेऊन बाकड्यावर बसला तो बसलाच.

दुसऱ्या दिवशी दसरा. चाळीत लोक एकमेकांना आपट्याची पानं देत होते आणि ही दोघं वॉर्डात बाळाच्या खाटेशी होती. अर्ध्या तोंडावर पट्टी. पण बोलण्याइतपत त्याला बरं वाटत होतं.

"भावजी," तो हळू म्हणाला, "पाना घसरत होता हो. मी हात बदलून पाहिला, तुम्ही सांगता तसा सरळ बसवून पाहिला. तरी घसरत होता. माझाच हात वाकडा. तुम्ही चिडू नका हं."

गुणाजी उठला आणि व्हरांड्यात गेला. रत्नप्रभा मागोमाग गेली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी तिने पाहिलं नव्हतं. आता तो भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते.

"त्याचो हात वाकडो नव्हतो," तो म्हणाला. "माका ठाऊक होता. उस्तादाक मोडका हत्यार पण चलता, तो सांभाळून घेता. शिकणाऱ्याक नाय चलत. त्याका कळतच नाय, हात चुकता काय हत्यार चुकता. चांगला हत्यार त्याका होया होता गो. माका नको होता."

रत्नप्रभाला त्याला दोष देता आला असता. मनात आलंही, सगळं भडाभडा बोलून टाकावं. पण हातगाडीसमोर उभी राहून उरणाऱ्या पैशांचा हिशोब करणारी ती स्वतःच होती. खाटेखालच्या पेटीला कुंकू न लावणारीही तीच होती. ती म्हणाली, "आपण दोघांनी केलां ह्यां."

बाळा घरी आला. हिरव्या कापडाची पट्टी डोळ्यावर बांधून तो सकाळी बाहेर पडला आणि पायरीवर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशीही बसला. ज्या पायरीवरून उठवायला रत्नप्रभाने पाटल्या मोडल्या होत्या, तिथेच. आता तर त्याला ऊठ म्हणायला तोंडच नव्हतं. संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "गावी जातो मी, ताई. गुरं राखायला एक डोळा बस होतो." आणि हसला.

घरात पूजा तशीच मांडलेली होती. उत्तरपूजा झालीच नव्हती. झेंडू वाळून काळे पडले, हळदीची पूड पान्यांवर चिकटून बसली. गुणाजी पाटाला वळसा घालून जायचा, पण हत्याराला हात लावत नव्हता. कामाची बोलावणी येत होती, तो नाही म्हणून सांगायचा. मालनने दोनदा हटकलं, "अगो, अशी पूजा ऱ्हवली तर घरात बरां नसता." तांदळाच्या डब्याचा तळ दिसू लागला. दिवसभर तिघं तीन दिशांना तोंडं करून बसायची.

एका सकाळी रत्नप्रभा अंघोळ करून आली, केस बांधले, आणि पाटासमोर बसली. हत्यारांची उत्तरपूजा बाईने केल्याचं तिने कधी ऐकलं नव्हतं. मंत्रही येत नव्हता. चिमूटभर अक्षता घेऊन तिने हत्यारांवर टाकल्या आणि मोठ्याने म्हणाली, "खूप बसलात. उठा आता, कामाला लागा." मग दोन्ही हातांनी पाट हलवला. गुणाजी खाटेवरून बघत होता. त्याने तिला अडवलं नाही.

तिने पाटावरची हातोडी उचलली. घरात आली त्या दिवसानंतर तिने तिला पहिल्यांदाच हात लावला. वाटली होती त्याहून जड होती, पण दांडा हातात असा बसला, की हातानेच तो मागितला असावा. ती बाहेर पायरीवर गेली आणि हातोडी बाळाच्या मांडीवर ठेवली.

"ही तुझी," ती म्हणाली. "आजपासून."

बाळाने हातोडीकडे पाहिलं, मग बहिणीकडे. "वेडी झालीस काय? भावजींची आहे ती."

"आता नाय," आतून आवाज आला. गुणाजी दारात आला होता. त्याच्या हातात लाल पेटी होती. "माझी ही. हातोडी फेकून दिलंय, बाकी कानस मारून बघतंय काय होता तां. माका जमतला." तो पायरीवर बसला, बाजूला.

बाळाने ओट्यावर पडलेला एक जुना खिळा उभा धरला आणि हातोडी उगारली. घाव खिळ्याच्या बाजूला, ओट्यावर बसला. परत मारला, परत चुकला. एका डोळ्याने वस्तू किती लांब आहे ते नीट कळत नाही, हे त्याला त्या क्षणाला कळलं, आणि बघणाऱ्या दोघांनाही. त्याने हातोडी खाली ठेवली. आता तो रडत होता, उजव्या डोळ्यातून, आवाज न करता.

"बघितलंत?" तो म्हणाला. "आता भारी हातोडी देऊन काय उपयोग? वाट लागली माझी. आता खरंच हात वाकडा झाला."

समोरच्या ओट्यावरून मालन आणि आणखी दोघीतिघी बघत होत्या. गुणाजी आत गेला आणि पाटावरची सगळ्यात मोठी छिन्नी आणि लोखंडाच्या गजाचा एक तुकडा घेऊन आला. गज ओट्यावर ठेवला. आपल्या डाव्या मुठीत छिन्नी धरली, गजावर उभी केली, आणि बाळासमोर बसला.

"मार," तो म्हणाला.

बाळा दचकला. "भावजी, हात काढा. मला अंदाज येत नाही."

"अंदाज घावान येता. मार."

"तुमच्या हातावर बसेल!"

"बसांदे."

ज्या हातांवर ते घर जेवत होतं, त्यातला एक तिथे हातोडीखाली होता. रत्नप्रभाच्या तोंडातून "अहो" एवढंच निघालं. गुणाजीने तिच्याकडे पाहिलं नाही. तो बाळाच्या चांगल्या डोळ्यात बघत होता. मिलमधून आल्यापासून त्याने कोणाकडे असं बघितलं नव्हतं.

बाळाने हातोडी उचलली. हळूच, भीतभीत घाव घातला. तो छिन्नीच्या डोक्यावरून निसटला आणि गुणाजीच्या अंगठ्याच्या मुळाशी बसला. कातडी फाटली, रक्त आलं. समोरच्या बायका ओरडल्या. बाळाने हातोडी टाकून दिली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

गुणाजीने हात काढला नाही. छिन्नी होती तशीच उभी होती. मोकळ्या हाताने त्याने हातोडी उचलली आणि परत बाळाच्या हातात दिली.

"भिऊन मारलंस म्हणान चुकलो," तो म्हणाला. "जोरान मार. मी हय आसय."

रत्नप्रभा हळद आणायला आत धावली. डबा शोधताना तिचे कान बाहेर लागले होते. मग घाव ऐकू आला. लोखंडावर लोखंड, खणखणीत. त्यानंतर गुणाजीचं "मार." परत घाव, ह्या वेळी चुकल्याचा, आणि गुणाजीच्या तोंडून निघालेला दबका हुंकार. आणि परत तेच, "मार."

ती हळदीचा डबा घेऊन उंबऱ्यात आली. गुणाजीच्या मनगटावरून रक्ताचा ओघळ गजावर उतरला होता. बाळा घामाने भिजला होता, पट्टी सरकली होती, पण हातोडी वर होती. हळद लावायला थांबा असं ती म्हणाली नाही. दोघांनाही आत्ता थांबायचं नव्हतं, म्हणून ती डबा धरून तिथेच उभी राहिली.